कोड ३ दिवसांचा, टिकिट ४१ दिवसांचं. मधले दिवस गेले कुठे?

शुक्रतारा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

मी एका मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात मॉड्यूल लीड, म्हणजे सिस्टिमच्या एका भागाची प्रमुख आहे. ग्राहकांची जुनी सिस्टिम काढून त्या जागी नवी आणायची, असं कामाचं स्वरूप. सुरुवातीला आम्ही १८ जण होतो, आता ६२ आहोत. ठरलेली तारीख उलटून ११ महिने झाले. कामचुकार कोणीही नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. माझ्या टीममधली मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडतात. तरी दर महिन्याच्या आढाव्यात तोच तक्ता, त्यातल्या त्याच लाल खुणा आणि तोच प्रश्न: "डेव्हलपमेंट इतकी स्लो का आहे?"

या वेळी ठरवलं की उत्तर अंदाजाने द्यायचं नाही. एक बंद झालेलं टिकिट (म्हणजे एका छोट्या कामाची नोंद) घेतलं, मुद्दाम साधंसं, आणि ते उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा एकेक दिवस वहीत मांडला. मेल, चॅट, मीटिंगची टिपणं, कोडच्या नोंदी, सगळं चाळलं.

टिकिटात एकच ओळ होती: 'ग्राहक निष्क्रिय असेल तर त्याला नवीन ऑर्डर टाकता येऊ नये.' माझ्या टीममधल्या मुलीने ते सकाळी घेतलं आणि दुपारी मला विचारलं, "ताई, निष्क्रिय म्हणजे नक्की कोण?"

खरं सांगते, मला आधी वाटलं हे काय विचारणं झालं. मग मी स्वतः शोधायला गेले. वसुली विभागाच्या लेखी ज्याने ९० दिवस पैसे भरले नाहीत तो निष्क्रिय. सपोर्टच्या लेखी ज्याने स्वतःहून खातं बंद करायला सांगितलं तो. रिपोर्ट काढणाऱ्या टीमच्या लेखी ज्याने वर्षभरात एकदाही लॉगिन केलं नाही तो. आणि जुन्या सिस्टिममध्ये या तिघांसाठी मिळून एकच रकाना आहे, त्यात एकच अक्षर पडतं.

मग पुढे असं झालं. दुसऱ्या दिवशी बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणाले, रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे काय हवंय ते लिहून ठेवलेल्या कागदात, व्याख्या आहे, ती बघा. बघितली. 'जो ग्राहक सक्रिय नाही तो निष्क्रिय' एवढंच. पाचव्या दिवशी तिन्ही विभागांना मेल. नवव्या दिवशी दोघांची उत्तरं आली, दोन्ही ठाम, दोन्ही वेगळी. बाराव्या दिवशी मीटिंग, ११ माणसं, एक तास. त्यातली चाळीस मिनिटं ऑर्डर अडवल्याचा संदेश कुठल्या स्क्रीनवर दिसावा यावर गेली, आणि निर्णय घेऊ शकेल असं माणूस खोलीत नव्हतंच. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा मीटिंग. तिथे कळलं की ९० दिवसांची मुदतच बदलायचा विचार वर चालू आहे. तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहून आमच्या मुलीने ९० दिवस धरून कोड लिहिला. दोन दिवस लागले. सत्ताविसाव्या दिवशी टेस्टरने तो नापास केला, कारण तिने टेस्ट सपोर्टच्या अर्थाने लिहिली होती. अठ्ठाविसाव्या दिवसापासून पस्तिसाव्यापर्यंत हा बग (म्हणजे कोडमधली चूक) म्हणायचा की चेंज रिक्वेस्ट (म्हणजे मागणीतला बदल), यावर वाद. अडतिसाव्या दिवशी एका वरिष्ठांची दोन ओळींची मेल: तिन्ही अवस्था वेगळ्या ठेवा, ऑर्डर फक्त पहिल्या दोघांची अडवा. एका दिवसात कोड बदलला. एक्केचाळिसाव्या दिवशी टिकिट बंद.

म्हणजे कोडचे दिवस ३. आणि तक्त्यात नोंद अशी की 'डेव्हलपर: ४१ दिवस'. टिकिट तिच्या नावावर होतं म्हणून सगळे दिवस तिच्या नावावर. हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्या मुलीने पहिल्याच दुपारी योग्य प्रश्न विचारला होता.

पुढच्या आठवड्यात मला वरिष्ठांसमोर बोलायचं आहे. त्यांचा प्रस्ताव तयार आहे: आणखी १५ माणसं घ्यायची. तुमच्यापैकी जे अशा मोठ्या प्रकल्पांतून गेलेत त्यांना विचारते: वेळ खरंच माणसांमुळे जातो, की आपल्याला काय करायचंय हेच धड ठरलेलं नसतं म्हणून जातो? आणि माझ्या पातळीवरच्या माणसाच्या हातात काय असतं?

---

वाटसरू

ताई, ती १५ माणसं थांबवा. बाकी सगळं नंतर.

आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. आपल्या क्षेत्रात हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि तारीख जवळ आली की सगळेच विसरतात.

तुमचेच आकडे घ्या. १८ जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात १५३. ६२ जणांत १,८९१. ७७ झालात की २,९२६. प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलत नाही हे मान्य, पण 'हे कोणाला विचारू' याची यादी त्याच वेगाने वाढते. माझ्या टीममध्ये एकदा एकदम नऊ नवीन मुलं आली. हुशार होती. मी आणि माझा सहकारी, आम्हा दोघांनाच ते मॉड्यूल आतून-बाहेरून माहीत होतं, आणि आम्ही दोघांनी सहा आठवडे स्वतःचं म्हणून काही लिहिलं नाही. सकाळी एकाला समजवायचं, दुपारी दुसऱ्याला तेच.

त्याहून मोठं नुकसान नंतर दिसलं. नवीन माणूस विचारायला लाजतो. तुमच्या त्या मुलीने 'निष्क्रिय म्हणजे कोण' असं विचारलं. नवीन पंधरा जणांपैकी बहुतेक विचारणार नाहीत, आपापल्या परीने अर्थ लावतील आणि कोड लिहून मोकळे होतील. आज तीन अर्थ आहेत, मग सहा होतील, आणि ते कोडमध्ये पुरलेले असतील.

---

निळी_शाई

मी टेस्टर आहे, बारा वर्षं. तुमच्या वहीतल्या सत्ताविसाव्या दिवसापाशी थांबले.

धूसर उद्दिष्ट सगळ्यात शेवटी आमच्या टेबलावर येऊन फुटतं. तोपर्यंत प्रत्येकाने मान डोलावलेली असते. टेस्ट लिहिताना मात्र 'साधारण असं' चालत नाही, हो किंवा नाही लिहावंच लागतं. मग मी विचारते, आणि लोकांना वाटतं टेस्टिंगने काम अडवलं. अडलेलं आधीपासूनच होतं हो, दिसलं फक्त तेव्हा.

एकाच गोष्टीचे दोन अर्थ घेऊन दोन टीम मन लावून काम करतात तेव्हा काय होतं, याचं १९९९ चं उदाहरण मी प्रत्येक नव्या टेस्टरला सांगते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचलं आणि नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून बलाच्या परिणामाचे आकडे पौंडाच्या हिशेबात येत होते, आणि ते वापरणारी दुसरी बाजू ते न्यूटनच्या हिशेबातले आहेत असं धरून चालली होती. दोन्हीकडची माणसं तज्ज्ञ होती. आकडा एका टीमच्या हातून दुसरीच्या हातात जाताना त्याचा अर्थ कोणी तपासला नाही.

आता तुमचे ते बग की चेंज रिक्वेस्ट वादाचे आठ दिवस. बाहेरून हा शब्दांचा कीस वाटतो, पण बहुतेक ठिकाणी त्यामागे पैसा असतो. बग म्हटलं तर खर्च बनवणाऱ्याचा, चेंज रिक्वेस्ट म्हटलं तर खर्च मागणाऱ्याचा. म्हणून कोणीच मागे हटत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी बरोबर असतात आणि ग्राहकाची ऑर्डर तशीच अडकून राहते. तुमच्या करारात असं काही कलम आहे का बघा. असलं तर ते आठ दिवस कोणा माणसाच्या हट्टामुळे गेलेले नाहीत, हे वरिष्ठांना जरूर सांगा.

तुमच्या हातात काय आहे विचारलंत म्हणून एक सांगते. व्याख्या मागू नका, उदाहरण मागा. 'निष्क्रिय म्हणजे काय' असं विचारलं की लोक गुळगुळीत वाक्य देतात आणि त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याऐवजी खराखुरा ग्राहक समोर ठेवा: याने १०० दिवस पैसे दिलेले नाहीत, पण काल लॉगिन केलं होतं. आज ऑर्डर टाकायला आलाय. घ्यायची का? पाच मिनिटांत तिघांची तोंडं तीन दिशांना होतात. तो मतभेद कोड लिहिण्याआधी बाहेर आला की तुमचे महिने वाचतात.

---

शुक्रतारा

निळी_शाई, करारात कलम आहे. आत्ताच शोधून वाचलं. आमच्या मुलीला त्या आठ दिवसांत तिन्हीत्रिकाळ मेल येत होत्या, आणि ती बिचारी समजत होती की आपलंच काहीतरी चुकलं. उद्या तिला हे नीट बसून सांगणार आहे.

वाटसरू, आकडे वहीत उतरवून घेतले.

---

जुनंखोड

शुक्रतारा, तुमचा प्रकल्प 'जुनी काढून नवी आणायची' या जातीचा आहे. मी असे तीन केले, त्यातला एक अर्ध्यावर गुंडाळलेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या जातीच्या प्रकल्पात सगळ्यात फसवी रिक्वायरमेंट असते 'जसं आहे तसंच, फक्त नव्या तंत्रज्ञानात'. ऐकायला किती स्पष्ट वाटतं! पण जुनी सिस्टिम काय करते हे संस्थेत पूर्णपणे कोणालाच माहीत नसतं. आम्ही एकदा बिलांची सिस्टिम बदलत होतो. शेरा नावाचा एक रकाना होता, लोकांनी त्यात वाटेल ते लिहिलेलं. डेटा स्वच्छ करताना आम्ही निरर्थक शेरे पुसून टाकले. कित्येक हजार नोंदींत नुसतं एक पूर्णविरामाचं टिंब होतं, तेही गेलं. चाचणीच्या आठवड्यात हिशेब विभागातल्या बाई आमच्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "माझी टिंबं कुठे गेली?" ज्या बिलावर वाद चालू आहे त्यावर त्या गेली नऊ वर्षं टिंब टाकत होत्या. महिनाअखेरीला टिंबवाली बिलं बाजूला काढून त्या हाताने तपासायच्या. जुन्या सिस्टिममध्ये 'वादग्रस्त' अशी सोय नव्हती, ती त्यांनी एका टिंबातून उभी केली होती. कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, कारण त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या मुलाखतींच्या यादीत विभागप्रमुख होते. टिंब टाकणारा हात यादीत नव्हता.

बॅकअपमधून टिंबं परत आणली, पण वेळापत्रकातले पाच आठवडे गेले. नोंद झाली 'डेटा मायग्रेशनला उशीर' अशी.

आता मोठं उदाहरण. अमेरिकेच्या एफबीआयने २००१ च्या सुमारास तपासाच्या फायलींसाठी व्हर्च्युअल केस फाइल नावाची सिस्टिम करायला घेतली. सुरुवातीचं काम मर्यादित होतं: जुन्या सिस्टिमला वापरायला सोपं नवं तोंड द्यायचं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तेच काम जुनी सिस्टिम पूर्ण बदलण्याचं झालं. उद्दिष्ट मुळापासून बदललं, आणि घाई मात्र वाढली. रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट ८०० पानांच्या वर गेलं. मधल्या काही वर्षांत मुख्य माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीवर पाच जण येऊन गेले. डिसेंबर २००३ मध्ये सिस्टिम हातात आली ती एफबीआयने नाकारली, आणि २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून झाल्यावर सगळं सोडून दिलं.

यातली पानांची संख्या नीट पाहा. लोक म्हणतात रिक्वायरमेंट लिहिलेल्या नव्हत्या म्हणून प्रकल्प बुडतात. इथे ८०० पानं होती! बटण कुठे असावं हे लिहून ठेवणं सोपं असतं. हे सगळं कशासाठी, आणि वेळ कमी पडला तर यातलं काय सोडायचं, हे ठरवणं अवघड. आणि ते ठरवणारा माणूसच दर काही महिन्यांनी बदलत असेल तर लिहिलेली पानं कोणाची मानायची?

याची दुसरी बाजूही आहे. त्यानंतरची सिस्टिम, सेंटिनेल, तीही रखडली. मग २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, माणसं वाढवण्याऐवजी टीम लहान केली, दर दोन आठवड्यांनी चालू स्थितीतली सिस्टिम दाखवायची पद्धत लावली, आणि जुलै २०१२ मध्ये ती सगळीकडे सुरू झाली. तुमच्या वरिष्ठांना १५ माणसांच्या प्रस्तावाशेजारी हे ठेवून दाखवा.

आणखी एक. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलं की संस्था जशी आपापसात बोलते तशाच आकाराची सिस्टिम ती बनवते. तुमचे तीन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून एका अक्षराला तीन अर्थ आले. कोड फक्त ते दाखवतोय.

मी आता अशा प्रकल्पात पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारतो: जुनी सिस्टिम कोणत्या दिवशी बंद करायची, आणि ती बंद करणारा माणूस कोण? बंद करायला जे लागतं ते काम पहिलं. बाकीचं कितीही चांगलं असलं तरी नंतर. तुमच्याकडे या प्रश्नाला उत्तर आहे का?

---

उंबरठा

मी पलीकडच्या बाजूची आहे, प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारी. वरचे प्रतिसाद पटले, पण एका गोष्टीवर मला ठामपणे वेगळं म्हणायचंय.

'उद्दिष्ट स्पष्ट नाही' असं तुम्ही सगळे म्हणता तेव्हा असं वाटतं की कोणीतरी नीट विचार करायचा राहून गेलाय, केला की होईल. बऱ्याचदा विचार पूर्ण झालेला असतो. उत्तरही माहीत असतं. ते उच्चारायची हिंमत नसते, कारण उच्चारलं की एक विभाग हरतो.

माझ्यावर आलेला प्रसंग लिहिते. ग्राहकाचा पत्ता कोणी बदलायचा, विक्री विभागाने की सेवा विभागाने, हा प्रश्न माझ्याकडे आला. डेव्हलपरची मेल तीन ओळींची, अगदी नेमकी. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं की अधिकार सेवा विभागाकडे असायला हवा. पण ते लिहिलं की विक्रीप्रमुख दुखावणार, आणि पुढच्या महिन्यात मला त्यांच्याकडूनच बजेट मंजूर करून घ्यायचं होतं. मी ती मेल २६ दिवस उघडून बंद करत राहिले. 'चर्चा चालू आहे' असं उत्तर दोनदा दिलं. चर्चा चालू नव्हती. त्या २६ दिवसांत त्या टीमने दोन्ही प्रकारे चालेल असा कोड लिहायचा प्रयत्न केला, आणि तो गुंता पुढे वर्षभर त्यांना छळत राहिला. ते आठवलं की मला आजही अपराधी वाटतं.

म्हणून तुमच्या बाराव्या दिवशीच्या मीटिंगमध्ये निर्णय घेणारं माणूस का नव्हतं, हे तपासा. कदाचित बोलावलंच नसेल. पण कदाचित त्या माणसाला खोलीत यायचंच नसेल.

आणि कधीकधी असा माणूस नेमलेलाच नसतो. अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. कामावर ५५ कंत्राटदार होते. सगळं मिळून चालतंय का हे बघणारा आणि 'आज हे सुरू करायचं नाही' असं म्हणू शकणारा एक माणूस मात्र स्पष्टपणे ठरलेला नव्हता. नंतर तो ठरला, छोटी अनुभवी टीम बसवली, आणि काही आठवड्यांत साइट बरीच मार्गावर आली.

आमच्याकडून निर्णय काढून घ्यायचा तर प्रश्न असा पाठवा: पर्याय अ, पर्याय आ, प्रत्येकाने कोणाचं काय बिघडेल, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर आम्ही अ धरून पुढे जातो. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. त्यामुळे गप्प बसणं हाही एक निर्णय होतो, आणि तो माझ्या नावावर लागतो. मला अशी मेल आली असती तर मी २६ दिवस काढलेच नसते.

---

वाटसरू

उंबरठा, तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. एक शंका मात्र आहे. 'उत्तर नाही आलं तर अ धरतो' असं लिहून आम्ही पुढे गेलो होतो. चार महिन्यांनी वरचे म्हणाले, मेल पाहिलीच नाही, कोणी सांगितलं तुम्हाला अ करायला? दोन आठवड्यांचं काम परत फिरवावं लागलं आणि बोलणी आम्हीच खाल्ली.

---

उंबरठा

होतं तसं. म्हणून शुक्रवारी सकाळी एक फोन करायचा. दोन मिनिटांचा. मेल न पाहिलेला माणूस फोनवर 'पाहिली नाही' म्हणेल, पण मग तिथेच विचारता येतं. आणि ज्याला उत्तर द्यायचं नाहीये त्याचा आवाज लगेच ओळखू येतो.

---

शुक्रतारा

मंडळी, परवा ती बैठक झाली. तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगते.

वहीतलं पान मोठं करून भिंतीवर लावलं. ४१ चौकोन, कोडचे तीन निळे, बाकी कशाची वाट पाहत गेले ते प्रत्येकावर लिहिलेलं. माणसांची नावं लिहिली नाहीत, फक्त 'व्याख्येची वाट', 'निर्णयाची वाट', 'कोणाचा खर्च यावर वाद' असं. बोलायला सुरुवात करण्याआधीच वसुलीप्रमुख उठून जवळ गेले आणि एकेक चौकोन वाचत उभे राहिले. त्यातले सात चौकोन त्यांच्याकडचे होते, त्यांना ते कळलं. काही बोलले नाहीत, पण नंतर संपूर्ण वेळ त्यांनी फोन हातात घेतला नाही.

मग निळी_शाईंनी सांगितलं तसं केलं. तीन खरे ग्राहक घेतले, नावं झाकून. पहिल्या दोघांवर वाद झाला, पण वीस मिनिटांत संपला. तिसऱ्या ग्राहकाने चार महिने पैसे दिले नव्हते, लॉगिन नव्हतं, खातं बंद करायची विनंतीही नव्हती. तेव्हा सपोर्टच्या एक जुन्या बाई, ज्यांना मी जुनंखोड यांचा प्रतिसाद वाचून मुद्दाम बोलावलं होतं, हळूच म्हणाल्या, "हे गृहस्थ वारलेत. त्यांच्या मुलाने फोन केला होता. अशा खात्यांना आम्ही निष्क्रियच करतो, दुसरं काही करताच येत नाही."

खोलीत एकदम शांतता. त्या अक्षराला चौथा अर्थ होता. आणि आमची नवी सिस्टिम त्या मुलाला, वडिलांच्या नावाने, थकबाकीची आठवण पाठवणार होती. ते पत्र कोणाच्या तरी दारात पडलं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

१५ माणसांचा प्रस्ताव रद्द झालेला नाही, सहा आठवडे पुढे ढकलला आहे. तेवढ्यात काय दाखवता येतं ते पाहू. बग की चेंज रिक्वेस्ट हा वाद चालू असला तरी काम थांबवायचं नाही, खर्चाचा हिशेब महिन्याच्या शेवटी करायचा, एवढं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. आणि ग्राहकाच्या अवस्थांबद्दलचा शेवटचा शब्द आता एका व्यक्तीचा आहे. दोन ओळींची मेल ज्यांनी अडतिसाव्या दिवशी पाठवली होती, त्याच. त्यांनी विचारलं, "मला पहिल्या दिवशी का नाही विचारलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे त्यांना विचारायचं असतं, हेच आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

जुनंखोड, तुमचा प्रश्नही विचारला. जुनी सिस्टिम बंद करायच्या तारखेवर एकमत झालं नाही. तीन तारखा आल्या. पुढच्या बुधवारी फक्त त्यासाठी बसतोय, चार जण.

वारलेल्या ग्राहकांच्या खात्यांसाठी नवीन टिकिट काल उघडलं. त्याच मुलीने घेतलंय. तिने वर पहिल्या ओळीत लिहिलंय: 'ही माहिती कोणाकडून, कोणत्या पुराव्यावर मानायची?' दोन पर्याय दिलेत, खाली शुक्रवारची तारीख आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांचं नाव. फोन मी करणार आहे.